मोठा फोर बाय फोर कॅम्पर ट्रक निवडताना : वजन, पीळ आणि घाट

साताऱ्यात आमची ट्रकच्या बॉड्या बांधायची शेड आहे. उसाच्या गाड्यांचे हौदे, दुधाचे टँकर, कोंबड्यांच्या गाड्यांच्या जाळ्या हे रोजचं काम. अलीकडे मात्र वर्षातून चार-सहा माणसं वेगळीच मागणी घेऊन येतात आणि मोबाइल पुढे करतात. त्यावर फोटो असतो: छातीएवढ्या उंच टायरांचा ट्रक, पाठीवर पांढरी पेटी, मागे मंगोलियाचं माळरान नाहीतर नुब्राची वाळू. "दादा, असं घर बांधून मिळेल का?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "कुठला ट्रक भारी? युनिमॉग की मॅन?"

मला हा विषय मनापासून आवडतो, म्हणून या माणसांना मी चहा पाजून बसवून घेतो. कुठला ट्रक भारी याचं एका शब्दात उत्तर नाही, पण उत्तर काढायची रीत आहे. ती हॉर्सपॉवरपासून सुरू होत नाही. घर बांधून, पाणी भरून, माणसं बसवून झाल्यावर किती किलो शिल्लक राहतात आणि खडबडीत रस्त्यावर चासीला बसणारा पीळ कुठे जातो, या दोन प्रश्नांवर ट्रक ठरतो. बाकीचं सगळं त्यानंतर येतं.

आधी रस्ता कागदावर लिहा

गेल्या उन्हाळ्यात एक जोडपं आलं होतं, दोघंही बँकेतून निवृत्त झालेले. लडाख, स्पिती, कच्छचं रण, सगळी नावं तयार होती. मी त्यांना वही दिली आणि म्हटलं, येत्या वर्षाचे बारा महिने लिहा, कुठल्या महिन्यात कुठे जाणार. लिहून झाल्यावर दिसलं ते असं: नऊ महिने महाराष्ट्र, कोकण आणि उत्तर कर्नाटक, एकदा लडाख, परदेश कुठेच नाही.

या यादीला १४ टनी ट्रक लागत नाही, उलट तो अडचणीचा ठरतो. कोकणातल्या वाडीत शिरताना दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असतात. आपल्याकडच्या जुन्या रस्त्यांवर वडाच्या पारंब्या आणि गावातल्या लोंबत्या विजेच्या तारा आहेतच. अडीच मीटर रुंद आणि पावणेचार मीटर उंच पेटी तिथं दर वळणावर उतरून बघायला लावते. सव्वादोन मीटर रुंदी आणि सव्वातीन मीटर उंचीत बसणारी गाडी त्याच रस्त्यावर निवांत जाते. सह्याद्रीत फिरणाऱ्याला फोर बाय फोरपेक्षा (म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळण्यापेक्षा) रुंदी आणि वळायला लागणारी जागा जास्त उपयोगी पडते, हे माझं ठाम मत आहे.

ज्यांना खरोखर मध्य आशिया किंवा आफ्रिकेत जायचं आहे, त्यांनी यादीत डिझेलचाही विचार धरावा. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ (धुराच्या कडक नियमांची) इंजिनं आली. त्यांना जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाचं डिझेल आणि बहुतेक मोठ्या ट्रकांना शिवाय डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं पाणी लागतं. जिथं गंधक जास्त असलेलं डिझेल मिळतं, तिथं धुराड्यातली शुद्धीकरणाची यंत्रणा तुंबते आणि इंजिन ताकद कमी करून टाकतं. दूरवर जाणारे कित्येक युरोपीय प्रवासी मुद्दाम जुन्या पिढीचं इंजिन शोधतात, ते याच कारणानं.

मग कागदपत्रं, पत्रा कापायच्या आधी

हे काम कंटाळवाणं असलं तरी इथंच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकात असलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. मोटर कॅरॅव्हानसाठी एआयएस-१२४ हा वेगळा मानक आहे, आणि तपासणीचं काम करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात, म्हणजे आपल्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. तुमची गाडी एमएच-११ असो, कराडची एमएच-५० असो की सांगलीची एमएच-१०, आधी आरटीओत चासीचं मॉडेल आणि पेटीचं रेखाचित्र घेऊन जा. पासिंग कुठल्या वर्गात होईल हे लेखी विचारा. नुसत्या तोंडी 'होईल की' वर वेल्डिंगची कांडी पेटवू नका.

परवान्याचंही बघून घ्या. एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मर्यादा मालवाहू गाड्यांनाही लागू धरली. त्यापुढची गाडी घेतली की अवजड वाहनाचा परवाना आला. नवरा-बायको दोघंही चालवणार असतील तर दोघांनाही. त्या बँकवाल्या काकूंना स्वतः चालवायचं होतं, म्हणून ७,५०० ही आमची लक्ष्मणरेषा पहिल्याच दिवशी ठरून गेली.

परदेशातून जुना युनिमॉग आणायचा विचार बरेच जण करतात. आपल्याकडे वापरलेलं वाहन आयात करायचं तर ते तीन वर्षांहून जुनं चालत नाही आणि स्टिअरिंग उजव्या हाताला लागतं. फोटोतले बहुतेक ट्रक एवढ्यावरच बाद होतात.

काटा : सगळ्या तुलनेचा गाभा

कंपनीच्या माहितीपत्रकात 'एकूण वजन' आणि 'रिकाम्या गाडीचं वजन' दिलेलं असतं. दुसऱ्या आकड्यावर कधीच विसंबू नका. त्यात डिझेल किती धरलंय, स्टेपनी आणि ड्रायव्हर धरलाय का, हे दर कंपनीचं वेगळं असतं. आपल्या भागात साखर कारखान्यांमुळे वजनकाट्यांना तोटा नाही. घ्यायचा ट्रक टाकी भरून काट्यावर न्या आणि तीनदा वजन करा: आख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. पुढची आणि मागची बेरीज आख्ख्या वजनाच्या जवळपास आली पाहिजे. नाही आली तर गाडी सपाटीवर नव्हती, परत करा. तिन्ही चिठ्ठ्या जपून ठेवा.

आता वहीतला हिशोब. समजा ७,५०० किलोचा ट्रक आहे आणि केबिन-चासी काट्यावर ४,३०० भरली. हातात राहिले ३,२००. त्यातून असं वजा होत जातं: पेटीखालची उपचौकट ३००, साडेचार-पाच मीटरची रिकामी पेटी दारं-खिडक्यांसह १,०००, आतलं फर्निचर, पलंग, ओटा, संडास ५००, पिण्या-वापराचं पाणी ३०० लिटर म्हणजे ३०० किलो, बॅटऱ्या, सौर पॅनल, वायरिंग आणि एसी २५०, दीडशे लिटरची जादा डिझेल टाकी भरल्यावर साधारण १२५, स्टेपनी आणि तिचा स्टँड १५०, दोन माणसं, कपडे, किराणा, हत्यारं ४००. बेरीज ३,०२५. शिल्लक १७५ किलो.

१७५! आणि हे सगळं हात आखडून धरलेलं आहे. काकांना मागे मोटरसायकल टांगायची होती. मोटरसायकल आणि तिचा कॅरियर मिळून २०० किलो धरा. मर्यादा तर ओलांडलीच, पण खरी गोम पुढे आहे. दोन ॲक्सलमध्ये ३.८ मीटर अंतर असेल आणि मोटरसायकल मागच्या ॲक्सलच्या २.२ मीटर मागे लटकली असेल, तर मागच्या ॲक्सलवर २०० नाही, जवळजवळ ३१६ किलो वाढतात आणि पुढचा ॲक्सल ११६ किलोनं हलका होतो. हलक्या पुढच्या चाकांनी चिखलात स्टिअरिंग लागत नाही आणि घाटात पुढचे ब्रेक कमी धरतात. म्हणून एकूण वजनाबरोबर प्रत्येक ॲक्सलची मर्यादा वेगळी तपासा. पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या दोन ॲक्सलच्या मध्ये आणि शक्य तितक्या खाली बसवा. मोटरसायकलचा बेत आम्ही रद्द केला. काका दोन दिवस नाराज होते, तिसऱ्या दिवशी दुमडणारी सायकल बघून आले.

तुलना करायची ती इथं. दोन ट्रक समोर असतील तर दोघांसाठी हाच तक्ता भरा. सगळं धरून मर्यादेच्या किमान १० टक्के शिल्लक राहत असतील तर ट्रक योग्य म्हणायचा. नाही राहिले तर सामान कमी करा, तेही जमत नसेल तर वरच्या वर्गात जा आणि त्याबरोबर येणारा परवाना, रुंदी, डिझेल सगळं स्वीकारा. १२-१४ टनी ट्रक लिटरला चार-पाच किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही, हे मनाशी धरूनच.

पीळ : दार का अडलं

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलो. फोर बाय फोरवर पहिली पेटी बांधली तेव्हा उसाच्या हौद्यासारखी सलग यू-बोल्टांनी चासीला आवळून टाकली होती. बामणोलीकडे उतरताना गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, एक पुढचं चाक चरात गेलं, तिरकं समोरचं मागचं चाक दगडावर चढलं. पेटीचं दार उघडेना. आत माणूस होता. खांद्यानं ढकललं, पहार लावायला निघालो. तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी दोन मीटर पुढे सपाटीवर घेतली आणि दार आपोआप उघडलं. बिजागरीत दोष नव्हता. आख्खी पेटीच पिळली होती. शेडवर आल्यावर बघितलं, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून केसाएवढी बारीक चीर गेली होती, आणि पहिल्या पावसात तिथूनच पाणी आलं.

ट्रकची शिडीसारखी चासी पिळण्यासाठीच बनवलेली असते. चारही चाकं जमिनीला धरून राहावीत म्हणून ती वाकते. पेटी मात्र कडक असते. कडक वस्तू लवचिक वस्तूला सलग बांधली की दोघींपैकी एक तुटते. चार पायांची बाज ओबडधोबड अंगणात डुगडुगते, पण तिपाई कधी डुगडुगत नाही. या कामातली पहिली युक्ती तिपाईचीच आहे.

पद्धती मुख्यतः तीन. पहिली तीन टेकूंची: एका टोकाला दोन पक्के टेकू, दुसऱ्या टोकाला मधोमध एकच फिरता सांधा. दुसरी चार टेकूंची, चौकटच्या पत्त्यासारखी: पुढे-मागे मधोमध एकेक फिरता सांधा आणि मध्ये दोन बाजूंना दोन. लांब पेटीला ही बरी, कारण वजन जास्त ठिकाणी वाटलं जातं. तिसरी स्प्रिंगांची: उपचौकट चासीवर नुसती टेकलेली, मागे पक्की, पुढे स्प्रिंग लावलेल्या बोल्टांनी दाबून धरलेली. चासी पिळली की एका बाजूला उपचौकट सुटून वर राहते आणि सपाटीवर परत बसते. ही हलकी आणि स्वस्त, आणि चासीवर भार लांबीभर पसरतो. मध्यम पेटी आणि आपल्याकडचे रस्ते असतील तर मी हीच बसवतो. फार वेड्यावाकड्या जागी जाणाऱ्यानं चार टेकूंची घ्यावी.

तयार गाडी बघायला गेलात तर ही चाचणी विक्रेत्यासमोर करा. एक पुढचं चाक आणि तिरकं समोरचं मागचं चाक फूटभर उंच ठोकळ्यांवर चढवा. गाडी तशीच उभी ठेवा. मग पेटीचं दार उघडा, लावा, परत उघडा. खिडक्या सरकवा. केबिन आणि पेटीमधलं अंतर दोन्ही बाजूंनी वर आणि खाली पट्टीनं मोजा. केबिन एका बाजूला पेटीच्या जवळ आलेली दिसली आणि दार मात्र लोण्यासारखं फिरलं, तर जोडणी नीट आहे. दार घासलं तर भाव कितीही चांगला असो, परत फिरा.

केबिनमधून पेटीत रांगत जायची वाट बऱ्याच जणांना हवी असते. केबिन आणि पेटी वेगवेगळ्या हलतात, म्हणून मध्ये भात्यासारखा रबरी पट्टा लागतो, आणि इंजिन बघायला केबिन पुढे कलंडवायची तर तो दरवेळी सोडावा लागतो. पहिल्या गाडीला ही वाट नको, असं मी स्पष्ट सांगतो. पाणी गळायची ती हमखास जागा आहे.

आता ट्रक एकेक करून

युनिमॉग हा मुळात शेतकऱ्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शेतीयंत्र म्हणून तो आखला गेला आणि चाकांमधलं अंतर १,२७० मिलिमीटर ठेवलं, बटाट्याच्या दोन ओळींएवढं. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे लगेच पटतं. त्याची खासियत म्हणजे पोर्टल ॲक्सल: ॲक्सलची नळी चाकाच्या मध्याच्या वर असते आणि चाकाजवळच्या गिअरमधून ताकद खाली येते. म्हणून पोटाखाली भरपूर जागा राहते. पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंगा आहेत. २०१३ मध्ये आलेल्या मॉडेलांपैकी यू-४०२३ हा १०.३ टनी आणि यू-५०२३ हा १४.५ टनी, दोन्हींना ५.१ लिटरचं २३१ हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि १.२ मीटर पाण्यातून जाण्याची क्षमता. दगडधोंड्यात याला तोड नाही. पण केबिन लहान, चासीची लांबी मर्यादित म्हणून पेटीही आखूड, आणि उंचीमुळे कलंडण्याची भीती जास्त. चाकाजवळच्या गिअरांचं तेल आणि सील वेगळे बघावे लागतात. ज्याला खरंच वाट नसलेल्या जागी जायचं आहे त्यानंच तो घ्यावा.

मॅन टीजीएम फोर बाय फोर हा त्या मानानं साधा, रोजच्या कामाचा ट्रक. ६.९ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन, १३ टनी गटात २९० हॉर्सपॉवर. केबिन प्रशस्त, लांब पेटी बसते, महामार्गावर दिवसभर चालवून माणूस थकत नाही. महामार्गावरच्या एका ढाब्यावर गोव्याकडे निघालेला असाच एक जर्मन नंबरचा ट्रक उभा होता. मालकानं मला खाली सरपटून बघू दिलं. पुढे स्प्रिंगांचे बोल्ट, मागे पक्के टेकू, आणि प्रत्येक बोल्टावर पिवळ्या रंगाची रेघ. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. ती रेघ मी त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये सुरू केली. भारतात मात्र मॅननं २०१८ मध्ये काम बंद केलं, हे सुट्या भागांच्या बाबतीत लक्षात ठेवा.

टाट्रा या चेक ट्रकचं गणित वेगळंच आहे. हान्स लेडविंका यांनी १९२३ च्या टाट्रा-११ मोटारीत आणलेली मधल्या नळीची रचना आजही तिच्या ट्रकांत आहे: शिडीऐवजी एकच जाड नळी, तिच्यातून शाफ्ट जातो आणि दोन्ही बाजूंना अर्धे ॲक्सल पंखांसारखे वर-खाली होतात. नळी पिळत नाही, म्हणून पेटीला पीळ जवळजवळ पोचतच नाही आणि ती सरळ पक्की बसवता येते. आमच्याकडे संध्याकाळी चहाला अपशिंग्याकडचे एक निवृत्त सुभेदार येतात, आम्ही त्यांना आबा म्हणतो. फौजेत बीईएमएल या सरकारी कंपनीच्या टाट्रा गाड्या त्यांनी चालवल्या आहेत. "पोरा, रस्ता नसला की ती आपला रस्ता करते," असं ते म्हणतात. पण वजन अवाढव्य, डिझेलची भूक मोठी, आणि भार बदलला की चाकं आत-बाहेर कलतात म्हणून टायर एका बाजूनं झिजतात. दोन माणसांच्या घरासाठी ती गरजेपेक्षा फार मोठी आहे.

लहान गटात युरोपात इव्हेको डेली फोर बाय फोर चालते: तीन लिटर इंजिन, ७ टनी वर्गापर्यंत, तिन्ही डिफरन्शियलला (चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांना) लॉक, म्हणजे एक चाक घसरलं तरी बाकीच्यांना ताकद मिळते. रुंदी कमी, वळण लहान. वहीतल्या यादीला हा आकार सगळ्यात जवळचा आहे.

आपल्या मातीतले पर्याय म्हणजे टाटाच्या एलपीटीए ७१३, ७१५ आणि अशोक लेलँडची स्टॅलियन. जबलपूरच्या कारखान्यात आधी मॅनच्या परवान्यानं शक्तिमान बनायचा, पुढे तिथंच स्टॅलियन आणि एलपीटीए बनू लागल्या. फौजेत या गाड्यांनी सियाचीनच्या पायथ्यापासून राजस्थानपर्यंत वर्षानुवर्षं माल वाहिला आहे. पाटे, गिअर, इंजिन समजणारा मिस्त्री कराडला, सांगलीला, लेहला, कुठेही भेटतो. कुठलाही परदेशी ट्रक या एका बाबतीत त्यांची बरोबरी करू शकत नाही. आवाज आणि दणके मात्र जास्त, केबिनला आतून रबर-फोमचा थर द्यावाच लागतो. सरकारी लिलावातून फौजेची जुनी गाडी घेणार असाल तर बोली लावायच्या आधीच नोंदणी कशी होणार ते आरटीओत विचारा. देखणी गाडी कागदांविना शेडमध्ये सडते.

चाकं आणि ओढ

मागे जोडचाकांऐवजी एकेरी रुंद चाकं घ्या. पुढच्या चाकानं दाबलेल्या चाकोरीतूनच मागचं चाक जातं, म्हणून वाळूत-चिखलात कमी ताकद लागते, आणि जोडचाकांमध्ये दगड अडकून टायर फाटायची भीती राहत नाही. मोठ्या ट्रकांना ३६५/८५ आर २०, ३९५/८५ आर २० किंवा १४.०० आर २० मापं लागतात. रिमसकट असं एक चाक दीडशे किलोच्या पुढे जातं, म्हणून स्टेपनी उतरवायला छोटी क्रेन किंवा विंच बसवा. हातानं उतरवायला जाल तर कंबर जाईल. आपल्याकडे मिळणाऱ्या मापाचाच रिम निवडलात तर आणखी उत्तम.

फोर बाय फोर कायम लागू असलेली की गरजेपुरती, हे विचारा. गरजेपुरती असेल तर कोरड्या डांबरावर ती लावून वळू नका, शाफ्टला ताण बसतो. लॉक लावताना आधी मधलं, मग मागचं, अगदी शेवटी पुढचं. काढताना पुढचं आधी, कारण ते लागलं असेल तर स्टिअरिंग वळत नाही.

पेटी, पाणी, वीज

पेटीसाठी फायबरग्लासच्या दोन पत्र्यांमध्ये पीयू फोम असलेले पॅनल घ्या, पाच-सहा सेंटिमीटर जाडीचे. आपल्या भागात दुधाच्या आणि आइस्क्रीमच्या थंड गाड्या बांधणाऱ्यांना हे काम येतं. एकच काळजी घ्या: आतून बाहेर थेट जाणारा लोखंडी तुकडा, स्क्रू किंवा अँगल कुठेही नको. लेहच्या थंडीत सकाळी नेमकं तिथंच दव धरतं आणि ओल साचत राहते. सांधे पीयूच्या चिकटद्रव्यानं जोडा, नुसत्या रिव्हेटवर नाही.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण-खटावात पाचशेच्या आसपास. त्यामुळे गळतीची परीक्षा इथं फुकट होते. उन्हाळ्यात गाडी तयार झाली असेल तर आत फरशीवर, कपाटात, गादीखाली वर्तमानपत्रं अंथरा आणि टपावर नळीनं दोन तास पाणी मारा. कागदावर पडलेला एक थेंबसुद्धा लपत नाही.

दोन माणसांना काटकसरीनं दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पुरतं, म्हणजे ३०० लिटर आठ-दहा दिवस. विजेत एसी सगळं खातो: तो तासाला पाऊण ते एक युनिट घेतो, फ्रिज दिवसभरात मिळून अर्धा-पाऊण. पाच युनिटांची लिथियम बॅटरी एसीवर पाच-सहा तासांत रिकामी होते. सौर पॅनल उन्हाळ्यात भरून देतील, आषाढात घाटमाथ्यावर नाही. मोठ्या ट्रकची मूळ वीज २४ व्होल्टची असते, घराची तीच ठेवलीत तर तारा बारीक आणि हलक्या राहतात.

घाट उतरून बघा

शेवटची परीक्षा कुंभार्ली घाटात. घराच्या वजनाएवढी वाळूची पोती भरून कोयनानगरहून चिपळूणकडे उतरा. वर चढणं इंजिन दाखवतं, उतरणं ट्रक दाखवतं. एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकांच्या ब्रेकशिवाय गाडीचा वेग रोखणाऱ्या यंत्रणा) लावून, खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवता गाडी वेग धरून उतरते का ते बघा. मध्ये दोनदा थांबून तापमान मोजायच्या बंदुकीनं चारही ड्रमचं तापमान लिहा. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा खूप तापला असेल तर त्याचा ब्रेक अडकतोय. चढताना पाण्याच्या तापमानाचा काटा कुठे जातो तेही बघा.

छोट्या वळणांसाठी यवतेश्वरमार्गे कास-बामणोलीचा रस्ता घ्या, पण फुलांच्या हंगामात नाही आणि डांबर सोडून पठारावर एक चाकसुद्धा नाही. फोर बाय फोर आहे म्हणून तिथं जायचं नसतं. त्या सड्यावरची माती बोटभर जाड आहे आणि टायरचा ठसा वर्षानुवर्षं जात नाही.

त्या जोडप्यानं शेवटी ७,५०० च्या आतली देशी चासी घेतली, स्प्रिंगांची जोडणी केली, पेटी २.२ मीटर रुंद ठेवली. निघायच्या आदल्या दिवशी भरलेली गाडी आम्ही परत काट्यावर नेली. ७,२१० किलो, म्हणजे १० टक्के शिल्लक ठेवायच्या आमच्या नियमात न बसणारी. काकूंनी जागेवरच मायक्रोवेव्ह, बिडाचा जड तवा आणि दोन पेट्या सामान उतरवलं आणि पाणी अर्धंच भरायचं ठरवलं, कारण लेहपर्यंत पाणी सगळीकडे मिळतं. तीनही चिठ्ठ्या त्यांनी केबिनच्या झडपेमागे खोचल्या. पहिल्या हजार किलोमीटरनंतर पिवळ्या रेघा तपासून बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, आणि ते कुठे कुठे आहेत याचं चित्र मी त्यांच्या वहीत काढून दिलं आहे.